पुढचे सत्तेचाळीस, मागचे त्रेचाळीस

मु. कातळवाडी, पालीमार्गे,
जि. रत्नागिरी
ता. १७ एप्रिल १९८५

काशीरामभावोजींना धाकट्या मेहुण्याचा, लवूचा, वाकून नमस्कार. सखूताईचा गुडघा आता कसा आहे ते कळवावे. तिला म्हणावे, जिने कमी चढ. (तुमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे हे मला माहीत आहे, पण भावाने काहीतरी सांगायला हवे.) तुमची पोटदुखी गेली असेल अशी आशा आहे. इकडे माणसे सगळी ठणठणीत आहेत. गाडीबद्दल काहीच लिहायचे नाही असे ठरवून बसलो होतो, पण तीस वर्षे वर्कशॉपात फिटर असलेला माणूस ते विचारल्याशिवाय राहणार नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.

सरकारी लिलावात पिकअप घेतली तेव्हा तुम्ही पत्रात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, मोठे टायर घालू नकोस. दुसरी, घातलेसच तर आधी एक्सलमधल्या क्राऊन-पिनियनच्या चक्रांचे दाते बदल. त्यातली पहिली मी ऐकली नाही आणि दुसरी ऐकली ती उशिरा. माझी बाजू एवढीच, की आमच्या वाडीचा रस्ता तुम्ही लग्नानंतर पाहिलेला नाही. मधे कातळावर पावसाने असे दगड उघडे पाडलेत की मागच्या एक्सलचा गोळा दर फेरीला कुठेतरी आपटायचा. मागे बसलेली माणसे तो आवाज ऐकून माझ्याकडे असे बघायची, जणू मीच खाली वाकून हातोडा मारतोय. म्हणून रत्नागिरीला लष्करी ट्रकचे उतरवलेले टायर मिळाले ते घेतले. गाडीचे होते सहाशे-सोळा, हे नऊशे-सोळा. बसवल्यावर गाडी चांगली चार बोटे वर गेली. टायर मडगार्डाला घासू लागले तेव्हा मडगार्ड छिन्नीने कापून घेतले. दिसायला गाडी झकास दिसू लागली हे तुम्हीसुद्धा कबूल केले असते. फक्त सोनूबाई (आमची चुलती, वय सत्तरच्या पुढे) चढायला घरून पाट घेऊन येऊ लागली, आणि उतरल्यावर तो पाट गाडीतच विसरू लागली.

सपाट रस्त्यावर काही तक्रार नव्हती. उलट काटा चाळीस दाखवायचा आणि गाडी पन्नासच्या घरात पळायची, म्हणजे मी वेगाने जाऊनही सावकाश जातोय असे वाटायचे. तक्रार सुरू झाली ती वाडीच्या चढणीवर. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरायचे, पहिल्यात गाडी थरथरून जागच्या जागी उभी राहायची. क्लचचा वास पार देवळापर्यंत जायचा. (कमी वेगाचा म्हणून जो वेगळा दांडा असतो तो लिलावाच्या आधीपासूनच गंजून बसलाय, हे तुम्हाला मागे कळवले नव्हते. आता कळवतो.) शेवटी एकदा वैतागून मी गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये घातली, तर काय, मुकाट्याने चढून गेली. रिव्हर्सचा गिअर ओढायला सगळ्यात ताकदीचा, हे तुम्ही मला कधीतरी शिकवले असणार. मग जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी आमची गाडी वाडीत पाठमोरी येत होती. माझी मान दुखू लागली, बाकी कोणाचे काही अडले नाही. तुळसा तर म्हणाली, "बरा हाय की. चढताना आपला घर तरी समोर दिसतंय." आता तुमच्या मेहुण्याची बायको आहे, तुम्ही समजून घ्याल.

पण गावात चेष्टा होऊ लागली, आणि चेष्टा मला सोसत नाही. मिरकरवाड्यात भागोजी म्हणून एक मिस्त्री आहे. ट्रॉलरची इंजिने करतो, सवड असली की गाड्याही बघतो. तो गाडीखाली गेला, बराच वेळ तिथेच राहिला (मला वाटले झोपला), आणि बाहेर येऊन त्याने शब्दन् शब्द तुमचेच पत्र म्हणून दाखवले. म्हणाला, चाक मोठे झाले म्हणजे एका फेऱ्यात जास्त वाट कापते, तेवढा भार इंजिनावर येतो. या गाडीत मोठ्या चक्राला सत्तेचाळीस दाते आणि छोट्याला अकरा, म्हणजे चाक एकदा फिरायला छोट्याचे सव्वाचार फेरे. या टायरला सव्वापाचाच्या पुढे हवेत. त्रेचाळीस-आठची जोडी घाल, गाडी पहिल्यासारखी ओढेल. मी घरी येऊन हा हिशेब जनीकडून करून घेतला. (आमची जनी या वर्षी दहावीला होती हे ताईला माहीत आहेच.) तिने टायरची उंची सुतळीने मोजली, भागाकार केला आणि मिस्त्री बरोबर सांगतोय असा निकाल दिला. भागोजीकडे एका मोडलेल्या जीपचा मागचा एक्सल त्रेचाळीस-आठचा होता, तो त्याने बसवला. पुढचा मात्र मिळाला नाही. तेव्हा पुढे सत्तेचाळीस आणि मागे त्रेचाळीस दाते, अशी गाडी घेऊन मी परत आलो. निघताना त्याने मला गाडीबाहेर उतरवून, समोर उभे करून सांगितले, "पुढची चाके इंजिनाला जोडायचा दांडा ओढू नको. पुढचा एक्सल एक बोलेल, मागचा दुसराच बोलेल, आणि मधे तुझी गाडी मोडेल."

गाडी चढणीवर सरळ तोंडाने चढली. मी नारळ फोडला. महिनाभर दांड्याला हात लावला नाही.

मग आला परीक्षेचा पहिला दिवस. मुलांचे केंद्र पालीला, पेपर अकराचा, आणि एस.टी. आमच्या फाट्यावर येते साडेदहानंतर, तीही तिच्या मनात असेल तर. म्हणून हायस्कूलच्या प्रभावतीबाईंनी मला विचारले आणि मी छाती पुढे काढून हो म्हटले. जनी धरून नऊ मुले, आणि बरोबर बाई. आमच्या वाडीतून दहावीच्या पेपराला बसणारी जनी पहिलीच मुलगी, त्यामुळे निघताना अर्धी वाडी गाडीभोवती उभी होती. नऊ वाजता निघालो. खालच्या पऱ्याशी आलो तर ओढ्याला कोणीतरी शेताला पाणी घेण्यासाठी बांध घातलेला, आणि वाटेवर गुडघाभर पाणी न् रेती. गाडी मधोमध रुतली. मागची चाके नुसती फिरत होती. आता तुम्हीच सांगा, नऊ मुले मागे पुस्तके उघडून बसलेली, बाई घड्याळ बघतायत, अशा वेळी मिस्त्रीचा शब्द कोणाच्या लक्षात राहतो? मी दांडा ओढला. गाडी एका झटक्यात बाहेर आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांच्या नादात मी दांडा परत सोडायचा विसरलो.

रेतीत चाके घसरतात म्हणून दोन्ही एक्सलांचे जमले. वर कडक कातळ लागला आणि त्यांचे भांडण सुरू झाले. पुढचा म्हणे जोरात चल, मागचा म्हणे सावकाश. गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. मला वाटले पंक्चर. पन्नासेक पावलांवर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि मागच्या एक्सलचा, चाक फिरवणारा, एक शाफ्ट तुटला.

भावोजी, खोटे कशाला लिहू, मी स्टिअरिंगवर डोके ठेवून बसलो. पाली अजून तीन मैल. नऊ मुलांचे वर्ष माझ्या टायरांपायी गेले असेच मला वाटले. जनी खाली उतरून खिडकीशी आली. रडली नाही, रागावलीही नाही. तिने विचारले, "बाबा, मागचा तुटला म्हणजे आता भांडायला कोण उरलं?"

मी चाचपून गिअर टाकला. गाडी चालू लागली. शाफ्ट तुटला तरी चाक त्याच्या जागी होते, ओढत होता एकटा पुढचा एक्सल, आणि झटका नाही की उडी नाही. मोडल्यावर ती गाडी इतकी मऊ चालली की बाईंनी मुलांची उजळणी घेतली. अडचण फक्त पालीच्या आधीच्या चढाची. पुढचे दाते जुनेच, टायर नवे, म्हणजे पुन्हा जानेवारीचीच गत. मी गाडी वळवली. पाठमोरे चढताना सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे ती घसरलीसुद्धा नाहीत. बाई मागच्या फळीला धरून उभ्या राहिल्या आणि "डावीकडे, आणखी डावीकडे" असे सांगत राहिल्या. अकराला सात मिनिटे कमी असताना आम्ही केंद्राच्या फाटकातून उलटे आत शिरलो. दारावरच्या शिपायाला वाटले आम्ही परीक्षा सोडून पळतोय. त्याने फाटक लावायला घेतले. बाईंनी त्याला समजावले तोवर मुले उड्या टाकून आत गेलीसुद्धा. जनीने वळून पाहिले नाही. मला तेच बरे वाटले.

उरलेल्या पेपरांना मुले पाव्हण्यांकडे पालीतच राहिली. गाडी तिथेच पिंपळाखाली आहे. टायरात कोंबड्या बसतात.

तरी तुमचे म्हणणे खरे होते हे मी या पत्राने लेखी मान्य करतो. ताईने ते जपून ठेवले तरी हरकत नाही.

आपला,
लवू

ता. क. त्रेचाळीस-आठचा पुढचा क्राऊन-पिनियन आणि मागचा एक शाफ्ट तिकडे जुन्या बाजारात मिळाला तर बघावे.

ता. क. २. पुन्हा पाकीट उघडले. खरे म्हणजे ते सामान कोल्हापूरलाही मिळते, भागोजी आणून देतोय. सांगायचे वेगळेच होते. जनीला पुढे शिकायचे आहे, मुंबईत. तुमची खोली एवढीशी, त्यात तुमची चार माणसे, आणि मी तुमचे एक ऐकत नाही. म्हणून तीन पाने गाडीबद्दल लिहिली. जनी तुमच्याकडे राहिली तर चालेल का? नाही म्हणालात तरी मनात काही आणणार नाही.

ता. क. ३. आत्ता जनीने हे वाचले आणि दप्तरातून तुमचे कार्ड काढून दाखवले. तिने आतोबांना, म्हणजे तुम्हाला, महिन्यापूर्वीच परस्पर विचारले होते म्हणे, आणि तुम्ही हो म्हणालात. खाली तुमच्याच अक्षरात आहे, 'बापाला इतक्यात सांगू नकोस. तो आपणहून विचारतो का ते बघू.'

तर विचारले आहे.