पाच भाकरी आणि तीन भाकरी

५ मार्च १९५६, सोमवार
पाच नि तीन आठ हे जिला येते, तिला पाच भाकरी नि तीन भाकरी का येत नाहीत? मला सांगता येत नाही. बी.ए.ला तर्कशास्त्र होते, त्याचा इथे उपयोग नाही.

पहिलीचा तोंडी हिशेब. छापील यादीतला पहिलाच प्रश्न : आईने सकाळी पाच भाकरी केल्या, संध्याकाळी तीन केल्या, एकूण किती? छबू उभी राहिली. परकराचा काठ चावत म्हणाली, "पुरत्यात, बाई."

वर्ग हसला. "अगं, पण किती?"

"समद्यांना पुरत्यात."

पाटीवर ५ + ३ लिहून दिले. खाली ८ लिहून मोकळी. वर माझ्याकडेच बघते, यात विचारायचे काय म्हणून.

६ मार्च, मंगळवार
आज अंडी. कोंबडीखाली चार होती, आणखी दोन ठेवली.

"खुडूक कोंबडीखालची मोजायची न्हाईत, बाई."

"मग पिल्लं किती होणार ते कसं कळणार?"

"निघाल्यावं कळंल की."

लाडवांना "बगू" म्हणाली. पाण्याच्या खेपा विचारल्या, सकाळी चार, संध्याकाळी पाच. माझा प्रश्न संपायच्या आत "नऊ!"

स्टेशनकडची मुले सगळे पटापट सांगतात. गावातली सात-आठ घुटमळतात, पण माझा चेहरा बघून सांगून टाकतात. छबू नाही सांगत. वार्षिक परीक्षेला हीच यादी. पाच प्रश्न, त्यांतले चार खाण्याचे. तीन तरी बरोबर यायला हवेत.

८ मार्च, गुरुवार
सुटताना छबूचे वडील फाटकाशी. पिंपरीला नवा कारखाना उठतो आहे, तिथे पाया खणायला जातात. अंगावरची माती तशीच.

"पोरगी पास व्हनार का, बाई? झाली तर शिकंल. न्हाई झाली तर ऱ्हाऊ द्या घरी. तान्हं हाय, त्याला कोन बगनार? तिची आई बी कामाला यायचीय आता."

"हुशार आहे हो ती."

"हुशार हाय त्ये आमाला बी ठावं हाय. पास व्हनार का?"

"बघू," म्हणाले. संध्याकाळभर तेच डोक्यात.

१० मार्च, शनिवार
वहीत दोन रकाने आखले. छबू मोजते ते, छबू मोजत नाही ते. खडे, गोवऱ्या, खेपा, सरपणाच्या मोळ्या, शाळेमागच्या रुळावरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे हे एकीकडे. भाकरी, अंडी, घरातली माणसे दुसरीकडे. अडले ते कांद्यापाशी. चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या गोणी मोजते. घरातला कांदा मोजत नाही. कांदा तोच!

"इकायचं मोजायचं. खायाचं न्हाई मोजायचं," तिनेच सांगितले.

"कोणी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाई. आसंच आस्तंय."

११ मार्च, रविवार. तळेगाव, घरी.
आई चुलीपुढे होती. सहज विचारले, "आई, किती झाल्या गं?" तिने वर पाहिले ते असे की मी काही वेडेवाकडे बोलले असावे.

"तुला किती हव्यात ते सांग. झाल्या किती ते कशाला?"

"अगं, शाळेतल्या हिशेबासाठी..."

"तुझ्या वडिलांच्या पानात किती पडल्या, मी आजवर मोजलं नाही. काचेच्या भट्टीपुढे दिवस काढून आलेला माणूस. मोजलं तर त्याच्या घशाखाली उतरेल का?"

"आणि पीठच कमी असलं तर?"

"तर मी मागून बसते. पण मोजत नाही." मग भाकरी उलथून म्हणाली, "तू तरी कुठे मोजत होतीस? पुण्याला जाऊन शिकलीस वाटतं."

खरे आहे. वसतिगृहात शिकले. तिथे माणशी तीन पोळ्यांचा नियम होता. पहिल्या आठवड्यात चौथी मागितली तेव्हा सगळ्या मुली माझ्याकडे...

आई मागून बसायची, ते मला पाठीमागचे आवरायला बसते असेच वाटायचे.

१३ मार्च, मंगळवार
तरी ठरवले की हा समज मोडायचा. सुशिक्षित म्हणवते, मग भिऊन कसे चालेल? पहाटे स्वतः थापलेल्या आठ भाकरी वर्गात मांडल्या. पाच इकडे, तीन तिकडे. सगळ्यांकडून मोठ्याने मोजून घेतल्या. छबूकडूनही. बारीक आवाजात "आठ" म्हणाली. मला केवढा आनंद!

मधल्या सुट्टीत म्हटले, घ्या, खा. एकही हात पुढे येईना. स्टेशनकडची मुलेसुद्धा बाकीच्यांकडे बघत थांबली. वर्गात तेवीस मुले, भाकरी आठ. आता ते सगळ्यांनाच ठाऊक झाले होते. मीच मोजायला लावले होते.

शेवटी बसले आणि सगळ्या भाकरी मोडल्या, बारीक तुकडे करून मोठ्या परातीत कुस्करल्या, वर चटणी-तेल. किती होत्या ते ओळखू येईना, तेव्हा छबू म्हणाली, "आता चालतंय, बाई." पाच मिनिटांत परात लख्ख.

याला मी समज म्हणत होते.

१९ मार्च, सोमवार
हे. मा. (हेडमास्तर) यांना सांगून पाहिले. म्हणाले, "अहो बाई, गणित ते गणित. भाकरी असो की भोपळा."

"भोपळाही घरातला असला तर नाही मोजत ती."

हसले. पण यादी बदलता येणार नाही म्हणाले. तालुक्याच्या कचेरीतून येते.

४ एप्रिल, बुधवार
तोंडी परीक्षा झाली. छबूची पाळी आली. यादी माझ्या हातात. वाचले ते असे : सकाळच्या मालगाडीला पाच डबे, संध्याकाळच्या मालगाडीला तीन. "आठ. पर येवढी ल्हान मालगाडी नस्ती, बाई." अंड्यांच्या जागी गोवऱ्या, लाडवांच्या जागी मोळ्या, आंब्यांच्या जागी खडे; पाण्याच्या खेपा होत्या तशाच. आकडे छापलेलेच. पाचपैकी पाच.

संध्याकाळी हे. मा. निकालपत्रक घेऊन बसले. त्यावर लिहावे लागते : प्रश्न छापील यादीप्रमाणे विचारले. खाली सही.

"मी नाही तसं विचारलं."

"तिथे कोण बघतंय? सही करा. पोरगी पास, तुम्ही मोकळ्या."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर कचेरी म्हणेल, परीक्षा पुन्हा घ्या, छापील यादीप्रमाणे. मग तिचा बाप तुमच्या दारात येईल, माझ्या नाही." रागाने नाही म्हणाले. काळजीनेच.

५ एप्रिल, गुरुवार
सही केली तर छबू नक्की पास. पुढच्या वर्षी पुन्हा तीच यादी, दुसरी कोणीतरी छबू. खरे लिहिले तर या छबूलाच... माझ्या खरेपणाची किंमत तिने का द्यावी? दोन्ही बाजू बरोबर वाटतात. आईला विचारावेसे वाटते, पण तीही म्हणेल, तुला काय हवंय ते सांग.

७ एप्रिल, शनिवार
छबूचे वडील सकाळची शाळा सुटताना आले. सगळे सांगितले. प्रश्न मी बदलले, तसे पत्रकावर लिहिले, का बदलले ते दोन पाने वेगळे लिहिले. कचेरी मानेल किंवा मानणार नाही.

"म्हंजी पास का न्हाई?"

"माझ्याकडून पास. दुसरीच्या हजेरीत नाव घातलंय."

मग हळूच म्हणाले, "बाई, त्यो कागूद धाडूच नका की. कशाला उगा?"

"सकाळच्या टपालानं गेला," मी म्हटले.