बंद झाकणातला ग्रह

३ एप्रिल २०१६
आले एकदाची! औरंगाबादबाहेर, प्लॉटिंगच्या पाट्यांच्याही पलीकडं, बोडक्या टेकडीवर आमची दुर्बीण. वर घुमट, खाली माझी खोली. पाणी आठवड्याला एका टँकरचं. पिंपाला कुलूप लावायचं, हे माझ्या गाइडनी, खंडेराव सरांनी, ग्रहाच्याही आधी समजावलं! ग्रह लांबच्या एका ताऱ्याचा. ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित घटतो; त्यावरून कक्षा काढायची, उष्णतेवरून तापमान. दुर्बीण रात्रभर आपोआप नोंदी घेते, सकाळी मी आकडे बघते. पीएचडी इथंच होणार.

९ एप्रिल
ग्रहाचा फेरा पाच दिवसांचा, तापमान हजार अंशांच्या वर. रोज सकाळी खालून स्वयंपाकाला येणाऱ्या केसरबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "प्रांजलीताई, रातच्याला खोलीभवती कशापायी चकरा मारता?" मी तर झोपलेली असते. बाहेर धुळीत खरंच गोल पायवाट पडलीय.

१४ एप्रिल
फेरा तीन दिवसांवर आला. पायवाटही भिंतीजवळ सरकलीय. ग्रह असे वागत नसतात. विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायला काही गाइड नोंदींत गुपचूप खोटा ग्रह मिसळतात. सरच असणार! मला घाबरवून पळवायचं आणि काम स्वतःच्या नावावर करायचं. इथं प्यायला पाणी नाही, पण कुठंतरी मुरतंय नक्की.

१७ एप्रिल
संध्याकाळी पिंपाचं कुलूप काढून दुर्बिणीच्या झाकणाला लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. आता झाकण बंद असूनही ग्रह दिसला, तर सर पकडले गेले.

१८ एप्रिल
दिसला. झाकण बंद, तारा नाही, नुसता काळोख. तरी ग्रह समोरून गेल्यासारखे उजेडाचे आकडे घटले, शून्याच्याही खाली. सरांना फोन करून भांडले. ते चार दिवसांपासून दिल्लीत, आणि इथल्या संगणकाला नेटच नाही. त्यांचा आवाज एकदम बदलला. म्हणाले, माझ्याआधीच्या विद्यार्थिनीनं, योगिनीनंही झाकण बंद केलं होतं. ती कुणालाच सापडली नाही. आत्ताच्या आत्ता टेकडी उतर.
नवं तापमान काढलं. सदतीस अंश. माणसाच्या अंगाइतकं.
अंधार पडलाय. केसरबाई सकाळी आल्या की त्यांच्यासोबतच उतरते.

१९ एप्रिल, सकाळ
बाहेरची वाट पुसलीय. आता फरशीवर — माझ्या खाटेभोवती —

दुपार
केसरबाई आल्या नाहीत. दार समोर आहे. पण ती वाट ओलांडायला पाय उचलत नाही. मला घरी जायचंय. पीएचडी नको —

डावीकडून येतो. दिसत नाही, ऊब लागते. समोरून जाताना या पानावरचा उजेड किंचित घटतो —

परत —

आता मागं गेला. अजून पुढं आला नाही. ऊब मानेपाशी थांब