दुसऱ्या भागाची तारीख

१४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना पत्रं कसली लिहिता म्हणून तुझी वहिनी अजून हसते. पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला गप्प होतो आणि कागदावर मात्र पान पुरत नाही, हे तिला कोण सांगणार?

बातमी मोठी आहे, बसून वाच. आपल्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग कधी येणार, ती तारीख मला कळली आहे. कंपनीने सांगितलेली नाही, मी ओळखली आहे. परवा त्यांनी एक चित्र टाकलं. अंधारं गाव, वर ड्रॅगन आणि मधोमध मनोऱ्यावर घड्याळ. गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवरची मंडळी ड्रॅगनचे दात बघत बसली. मी डोळ्याला भिंग लावून घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं. म्हणजे दहाव्या महिन्याची दहा तारीख! उभा जन्म घड्याळं उघडण्यात गेला, मला एवढं कळू नये? ग्रुपवर लिहिलं, तेव्हापासून तिथे मला घड्याळकाका म्हणतात. एकाने माझ्या शब्दावर नव्या नोकरीत रुजू व्हायचा दिवस पुढे ढकलला. गावच्या शाळेत गुरुजींकडून कधी शाबासकी मिळाली नाही. ती पन्नाशीला टेकल्यावर फोटोच्या जागी राक्षसाचे मुखवटे लावलेल्या अनोळखी लोकांकडून मिळाली. मी ती मुकाट्याने घेतली.

दुसरा भाग आला की रजा काढून येईन आणि दुकानामागच्या खोलीत पहिल्यासारखे बसू, असं तूच म्हणाली होतीस. तुला जाऊन चार वर्षं झाली, एकदाही फिरकली नाहीस. तेव्हा मी वाट बघतोय ती ड्रॅगनची किती आणि आणखी कोणाची किती, ते तू समजून घे. सकाळी देवापुढे हात जोडतो, तोंडाने जगाचं भलं मागतो आणि मनात ही तारीख घोळत असते. देवाला यातलं नेमकं कोणतं ऐकू जातं, याची धास्ती वाटते.

प्रकृतीला जप. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
दादा


२ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

घड्याळकाका झाल्याबद्दल अभिनंदन. वहिनीला म्हणावं, आता दुकानाच्या पाटीवर तेवढंच लिहून घ्या.

आमच्या प्रयोगशाळेत वर्षाच्या रजा याच आठवड्यात ठरतात. एकदा ठरली की ठरली; सोडली तर दुसरं कोणीतरी घेतं आणि मग पुढच्या वर्षापर्यंत रक्ताच्या बाटल्यांची तोंडं बघायची. मी नऊ ऑक्टोबरपासून पंधरा दिवस मागून घेतले. मोठ्या बाईंनी कारण विचारलं, तर घरी काम आहे असं सांगितलं. कसलं काम, म्हणून त्या मागेच लागल्या. एकेचाळिसाव्या वर्षी ड्रॅगन मारायला जाते आहे, हे सांगायला जीभ रेटेना.

तुला म्हणून लिहिते. गेमचं निमित्त आहे हे बरंच आहे. संसार मोडून मी तुझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून तुमच्या गल्लीत शिरणं नको वाटतं. एकटीच आलीस का, आता पुढे काय, असं प्रत्येक ओट्यावरून विचारतात. हातात काम असलं की मान खाली घालून सरळ आत जाता येतं. त्या वर्षी तुझ्या त्या खोलीत आपण पहिला भाग खेळलो नसतो, तर मी कशी सावरले असते कोण जाणे.

पण या वेळी तुझी ती सवय चालणार नाही. मागे राक्षस लागलेले असताना तू गेममधल्या प्रत्येक पडक्या देवळापुढे थांबायचास. तिथे काही मिळत नाही म्हणून मी ओरडायचे आणि तू म्हणायचास, मिळावं म्हणून कोण थांबलंय! असाच आपण तीनदा मेलो.

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नकोस, थट्टा कितीही कर.

तुझी,
धाकटी


२१ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला बसलो आणि दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

काल एक बाई घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. काचेच्या कपाटाकडे बघून त्यांनी विचारलं की, या सगळ्या बंद घड्याळांत एकच वेळ कशी? मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं की, दहा वाजून दहा मिनिटांवर काटे ठेवले म्हणजे घड्याळ हसल्यासारखं दिसतं, मधलं नाव झाकत नाही, म्हणून आम्ही धंद्यातले सगळे असंच लावतो. जाहिरातीत, चित्रात, कुठेही बघा. बोलता बोलता मला गेमचं ते चित्र आठवलं. बाई पट्टा घेऊन गेल्या आणि मी ते चित्र पुन्हा उघडून बघितलं. चित्रकाराने घड्याळ छान दिसावं म्हणून काढलं होतं, बस. रोज सकाळी ते काटे मी स्वतःच्या हाताने फिरवतो आणि मीच त्यातून भविष्य वाचलं!

ग्रुपवर चूक कबूल केली. एकाने लिहिलं की, आधी काकांनाच दुरुस्तीला टाका. नोकरीवाल्याने ‘हरकत नाही, काका’ एवढंच लिहिलं, ते जास्त लागलं. संध्याकाळी कंपनीनेही सांगून टाकलं: दुसरा भाग यंदा नाही, पुढच्या वर्षाअखेर बघू.

तुझी रजा अजून बदलता येत असेल तर बदल. माझ्या अकलेपायी ती फुकट जायला नको. देवापुढे बसलो तेव्हा एक लक्षात आलं. इतके दिवस मी तारीख मागत होतो. बहीण घरी येऊ दे, असं सरळ मागायचा धीर झाला नाही. नाही म्हटलं असतं तर सोसलं नसतं. गेमच्या बाबतीत नकार पचतो.

राग मनात ठेवू नकोस. लोभ असावा, माझ्या अंदाजांवर मात्र नसावा.

तुझा,
दादा


५ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

त्या कपाटाची काच दोन वर्षं मी पुसली आहे. एकदा एक घड्याळ साडेसहावर राहिलं, तर ते रडवेलं दिसतं म्हणून तू अर्धा तास मला ऐकवलं होतंस. तुझं जूनचं पत्र अर्धं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की, दादा घसरला. तरी रजा टाकली. म्हटलं, तुझ्या चुकीवर बसून घरी जाऊ. कोणी विचारलं तर बोट तुझ्याकडे.

आता तू ती चूक स्वतःच खोडलीस आणि माझी पंचाईत केलीस. मोठ्या बाईंनी सोमवारी बोलावून सांगितलं की, एका मुलीला तेच दिवस हवे आहेत, तुझं घरचं काम रद्द झालं असेल तर सोड. मी विचार करून सांगते म्हणाले. दोन दिवस खरंच विचार केला. गेम नाही, काम नाही, निमित्त नाही, नुसतं भावाच्या घरी जायचं. मला जमेल का हेच कळेना.

काल त्यांना सांगितलं की, काम रद्द झालं आहे, पण रजा सोडत नाही.

ओट्यावरून कोणी विचारलंच, तर थांबून उत्तर देईन. एकटीच आले, आणि दादाकडे आले. त्यापुढचं मलाही ठाऊक नाही, असंही सांगेन.

वहिनीला सांग, माझ्यासाठी काही वेगळं करू नका. नऊ ऑक्टोबरला सकाळच्या गाडीने पोचते. उतरवून घ्यायला ये. माया तुझ्याकडेच ठेव, मी येऊन घेते.

तुझी,
धाकटी