धाकटीच्या हातांचं उटणं

४ जानेवारी

चि. चिमणीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ठक्‌ ठक्‌ घर्र, ठक्‌ ठक्‌ घर्र. सकाळपासून हा आवाज कानातून जात नाही. आमची आई खलबत्त्यात संत्र्याच्या वाळक्या साली कुटायची आणि त्या ठेक्यावर मी शाळेतली कविता घोकायचो. तुझी आई, म्हणजे आमची धाकटी, शेजारी बसून बोबडं ओरडायची. इतकी वर्षं तो आवाज कुठे दडला होता कोण जाणे. तू पाठवलेल्या बरणीचं झाकण उघडलं आणि बाहेर आला!

आता हसू नकोस. बरणीवर तू चिठ्ठी चिकटवली नव्हतीस, मला चष्मा सापडत नव्हता, आणि जॅम समजून मी ते पावाला लावलं. धाकटी किंचाळली की दादा, ते अंगाला लावायचं उटणं आहे. मग टेबलाला धरून हसत सुटली. तुझी लेक झाल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण नंतर बरणी कपाटात गेली. म्हणाली, जन्मभर लॉन्ड्रीत सोड्याच्या पाण्यात बुडवलेले हात, त्यांचे आता कसले लाड? तिचे ते नेहमीचे हातमोजे पुन्हा चढले. बाळ बघायला आली तेव्हा ती हात मागे बांधून उभी होती ना? घरी येऊन म्हणाली, माझे हात काचकागद आहेत, त्या कोवळ्या गालाला ओरखडे उठतील.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा जॅमखाऊ मामा


११ जानेवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

हसू नकोस म्हणालात म्हणून आधी पोटभर हसले, मग घाबरले. ती सुगंधी तेलं पोटात जायची नसतात हो!

आईचे ते मागे बांधलेले हात मी विसरलेले नाही. मला वाटलं, तिला नात आवडलीच नाही. मामा, तिने बाळाला एकदा तरी उचलून घ्यावं एवढंच हवंय मला. पाठवलेलं ती लावणार नाही, पण तुमच्यासाठी म्हणून घरी उटणं करील. आधी तिच्या हातांच्या भेगा भरेपर्यंत नुसतं बदामाचं तेल. भेगांवर उटणं चोळायचं नाही. मग साली आणि ओट्स अगदी बारीक कुटून त्याच तेलात कालवायचे. लव्हेंडरचं तेल शेवटी, दोनच थेंब. जास्त झालं तर कातडी भाजते. तुमचा स्वभाव ठाऊक आहे, बाटली उपडी करू नका.

माया आहेच, कानउघाडणीही करत जा.

तुमची चिमणी


१० फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मामाने लबाडी केली. गुडघे धरलेत म्हणून धाकटीकडून रोज बदामाचं तेल चोळून घेतलं. मोजे घालून तेल कसं चोळणार? सोंग माझ्या गुडघ्यांचं, तेल मुरलं तिच्या तळहातांत. तिला दुसऱ्याच दिवशी कळलं असावं, पण चोळत राहिली. भेगा भरल्या.

काल माळ्यावरून खलबत्ता काढला. मी दोन ठोके दिले, तर तिने बत्ता हिसकावला आणि म्हणाली, दादा, तू आपली कविता म्हण. ठक्‌ ठक्‌ घर्र सुरू झालं गं! सगळं स्वयंपाकघर केशरी झाल्यासारखं वाटलं. मी कविता म्हणू लागलो आणि तिसऱ्या कडव्यात अडकलो. तिने मान वर न करता पुढची ओळ सांगितली. जी पोर तेव्हा नीट बोलतही नव्हती!

लव्हेंडरचे थेंब तिनेच टाकले. बाटली माझ्या हाती दिलीच नाही. उटणं हलक्या हाताने चोळलं, धुतलं, आणि खिडकीपाशी तळहात उजेडात धरून उभी राहिली. त्यांवर रेषा होत्या, चिमणे. थेट आमच्या आईच्या. मग तिने एक हात हळूच स्वतःच्या गालावरून फिरवला. पुन्हा फिरवला.

एवढ्यात तिला बोलावू नकोस. घाई केलीस तर मोजे परत चढतील.

असाच जीव लावून राहा.

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाळाला वाचून दाखवलं. तिने त्याचा कोपरा चोखला. उटण्याचं काही दिसलं की तोंडात घालायचं, ही आपल्या घराण्याची खोडच दिसते! आईला बोलावणार नाही. पण बाळाला न्हाऊ घालताना रोज वाटतं, हे मऊ दिवस असेच निघून जातील.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,

चिमणी

ता. क. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं आहे. दाराची घंटी वाजली, मला वाटलं दूधवाला. दारात आई होती. एकटी, न कळवता. हात कुठे धुऊ, एवढंच विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत दोन्ही उघडे हात बाळासाठी पुढे केले.