गरम पाण्याचं तळं

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? (त्यांची चौकशी मी मनापासून करतोय, उगाच संशय घेऊ नकोस.) इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत आणि एकमेकांशी बोलतोय. हे मुद्दाम कळवायचं कारण, मागच्या आठवड्यापर्यंत बोलत नव्हतो.

बायकोला एकदा तरी कुठे फिरायला ने, असा लकडा तूच लावला होतास. हिनेही निर्वाणीचं सांगितलं होतं की यंदा सहल झाली नाही तर माहेरी जाईन, आणि परत यायचं की नाही ते माझं मी बघेन. नेमकं तेव्हाच वीजकेंद्राच्या बॉयलरच्या वार्षिक दुरुस्तीचं काम आलं. आता आम्हा बॉयलर मेकॅनिकांची खोड तुला ठाऊक आहे. जिथे काम तिथे मुक्काम फुकट, मग तीच सहल. मी हिला सांगितलं, तळ्याकाठी बंगला आहे. खोटं काय त्यात? तळं आहे. (यंत्रातलं गरम पाणी निवायला सोडतात, ते.) बंगलाही आहे. (नळाच्या पाण्याला डिझेलचा वास येतो, एवढंच.) ही नवी पिवळी साडी नेसून आली होती, ती रिक्षातून उतरेपर्यंत राखेने करडी झाली. हिने आधी वीजकेंद्राच्या धूर ओकणाऱ्या चिमणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खोलीत जाऊन बॅग न उघडता बॅगेवरच बसून राहिली. आचारी जेवण घेऊन आला, त्याच्याशी गोड बोलली. माझ्याशी अवाक्षर नाही.

पहाटे जाग आली तर ही खोलीत नाही, बॅगही नाही. मी बनियनवरच धावलो. म्हटलं, आटोपलं सगळं. तर ही तळ्याच्या काठी, बॅगेवर बसलेली. पहिल्या बसला म्हणून निघाली होती, ती वाटेतच थांबली. अख्ख्या तळ्यावर वाफ होती आणि त्या वाफेत शेकड्यांनी पांढरे पक्षी ऊब घेत बसले होते. ऊन आलं तशी वाफ गुलाबी झाली, मागची चिमणीसुद्धा. मी इथे इतकी वर्षं येतोय, पण आपलं बघणं तापमापकापुरतं. पाणी इतकं गरम का असतं ते मी हिला समजावायला लागलो, तर म्हणाली, "अहो, जरा गप्प बसा ना." लग्न झाल्यापासून इतक्या प्रेमाने मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. मी बसलो. फार बरं वाटलं, खरंच.

आता ही रोज पहाटे तिथेच असते. काठच्या गवतात पिल्लं आहेत, त्यातल्या सगळ्यात खादाड पिल्लाला माझं नाव दिलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. – सोमवारी बॉयलर बंद होणार, आणि बंद करणार मीच. म्हणजे पाणी गार, पक्षी पसार, आणि मागोमाग ही माहेरी. (बॅग अजून उघडलेली नाही.) बॉयलर बंद करायच्या हुकमावर मुख्य कार्यालयातून सही भावोजींचीच लागते. पिल्लं उडायला लागेपर्यंत ती जरा लांबवता येईल का? त्यांचं जेवण झाल्यावर विचार.

पुन्हा ता. क. – बॉयलर मी नीट तपासलाय, अजून महिनाभर खुशाल चालेल. हे मी मेकॅनिक म्हणून सांगतोय की नवरा म्हणून, तेवढं मात्र भावोजींना विचारू देऊ नकोस.