उसाच्या पेशी आणि रविवारचे पाहुणे

राजारामपुरी, कोल्हापूर
२४ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप अप्पा,

रक्षिताचा नमस्कार. मी बरी आहे. खाणावळीत भाकरी मिळते. अव्वाची कंबर आता कशी आहे?

उसाच्या पेशी बाटलीत वाढतात, हे तुम्हाला खरं वाटत नव्हतं. साखरेच्या पाण्यात त्या ओल्या रव्यासारख्या दिसतात. यंत्रावर बाटल्या रात्रंदिवस हळूहळू डुलत असतात. बघत बसलं की मीही त्यांच्याबरोबर तरंगू लागते आणि जेवायचं राहून जातं.

निघताना तुम्ही म्हणाला होता, "खताला हात आखडू नगंस." म्हणून मी पेशींना सगळं नत्र अमोनियमचंच दिलं, तेही भरपूर. पाणी आंबट झालं आणि पेशी काळ्या पडल्या. प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडम हसल्या, "अगं, हे काय तुझ्या अप्पांचं रान हाय व्हय?" नुसत्या नायट्रेटवर, म्हणजे नत्राच्या दुसऱ्या प्रकारावर, त्या जगल्या, पण रेंगाळल्या. नायट्रेटमध्ये थोडं अमोनियम मिसळलेल्या एका बाटलीत मात्र त्या दाट झाल्या, दुधावरच्या सायीसारख्या. माझं पुढचं सगळं काम त्या बाटलीवर आहे.

रविवारी त्या पेशींना नव्या पाण्यात हलवलं नाही, तर त्याही जातील. त्याच रविवारी पाहुणे मला बघायला येणार आहेत.

अप्पा, मी येत नाही. पत्र मिळताच पाहुण्यांना निरोप पाठवा. अव्वा चिडेल. तिचं जेवण होऊ द्या, मग सांगा.

मॅडम म्हणाल्या होत्या, "जा की घरी, मी हलवते." मीच नको म्हटलं. एवढं अव्वाला सांगू नका.

दोघांच्या पाया पडते,
रक्षिता