चढावर अडलेलं व्हिएन्नाचं इंजिन

ख्राइस्टचर्च, ३ मार्च २०२५

ती. स्व. मकरंदमामांस,
मधुवंतीचा सा. न. वि. वि.

इतक्या हुशार माणसाने वाफ वाया जाईल अशा जागी दोन बारीक भोकं का ठेवली असतील? मला उत्तर येत नाही. व्हॉट्सअॅपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे पत्र.

मी रविवारी जाते त्या छोट्या रेल्वेच्या क्लबात एका दिवंगत सभासदाने बांधलेलं इंजिन आहे, मुलांना डब्यांवर बसवून बागेत फिरवण्याएवढं. अशी मोठी इंजिनं सव्वाशे वर्षांपूर्वी एका हुशार इंजिनिअरने व्हिएन्नाच्या शहरी रेल्वेसाठी घडवली. कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर. स्टेशनं जवळजवळ आणि वाटेत चढ, म्हणजे सारखं थांबायचं आणि लगेच सुटायचं. लहान सिलिंडरमध्ये राबलेली वाफ मोठ्यात पुन्हा राबते. आईच्या स्वयंपाकघरासारखं, काही फुकट जात नाही. मग मोठ्या सिलिंडरच्या तोंडाशी ती दोन भोकं कशाला?

पण आमचं इंजिन चढावर थांबलं की सुटत नाही, सुटताना मोठ्या सिलिंडरला वाफच पोचत नाही. अध्यक्ष ट्रेव्हर म्हणतात, दोन्ही सिलिंडर सारखे करून टाकू. सतरा तारखेला नव्या सिलिंडरांची ऑर्डर जाईल. मग ते धावेल, पण ते हे इंजिन उरणार नाही.

मामींना नमस्कार. उत्तराला उशीर झाला तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मधुवंती

फ्लॅट बुश, ऑकलंड, ९ मार्च २०२५

चि. मधुवंतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. आमची ईशा म्हणते, इलेक्ट्रिक का नाही, यात हीप्स धूर, म्हणजे ढीगभर. तिला म्हटलं, ताईला कळव, मला नको.

भोकांचं मला विचारू नकोस, मी वखारीत फोर्कलिफ्ट चालवतो. आपल्या घरातली पहिली पदवीधर तू. पण एक सांगतो. त्या गावात तुझं म्हणावं असं तो क्लबच आहे. नव्या माणसाने आधी नियम पाळावेत, मग तोंड उघडावं. म्हाताऱ्यांशी भांडून रविवार एकटीने काढू नकोस. जेवतेस ना वेळेवर?

आमचा जीव तुझ्यात आहे, हे लिहायला लावू नकोस.

मकरंदमामा

ख्राइस्टचर्च, १७ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, उत्तर सापडलं. इंजिन थंड असताना सिलिंडरजवळचं झाकण काढलं आणि वाफ किती सोडायची ते ठरवणारा चालकाचा दांडा हाताने सरकवून पाहिला. अर्ध्यापर्यंत भोकं झाकलेलीच राहतात. दांडा अगदी टोकाला नेला की उघडतात, आणि ताजी वाफ थेट मोठ्या सिलिंडरला मिळते. इंजिन सुटलं, दांडा मागे घेतला, की आपोआप बंद. चालकाला वेगळं काही करावंच लागत नाही. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. केवढा विचार केलाय त्या माणसाने!

आणि आमचा नियम असा, की मुलांना हिसका बसू नये म्हणून सुटताना दांडा अर्ध्याच्या पुढे न्यायचा नाही. म्हणजे इंजिनाला आमच्या मायेनेच अडवलं होतं.

ट्रेव्हरना सांगितलं. ते म्हणाले, नियम पुढच्या महिन्याच्या सभेत बदलता येईल, ऑर्डर मात्र सतराला जाणारच. काल शेवटची चाचणी होती. चालवायला मी, मागे सगळे मोठेच, मूल एकही नाही. चढावर थांबले. सगळ्यांना घट्ट धरायला सांगितलं आणि दांडा टोकाला नेला. एक हलका हिसका, आणि इंजिन सुटलं. गाडी वर पोचली. मग ट्रेव्हर म्हणाले, "आता नवे सिलिंडर कशाला हवेत?"

सगळे खूश होते, कुणी मला दोष दिला नाही. पण अर्ध्याचा नियम मुलांसाठी आहे आणि तो मी विचारल्यावाचून मोडला. तुमचं म्हणणं मला पटलं होतं, तरीही मोडला. जानेवारीत परीक्षा देऊन मिळालेला चालकाचा बिल्ला मी काल निघताना ट्रेव्हरच्या हातात परत दिला.

रागावलात तरी जवळचेच राहा.

तुमची,
मधुवंती